रोटाचं दळण

माझी पिठाची गिरणी आहे. जळगावात, पिंप्राळ्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी. वडील भडगावहून इकडं आले तेव्हा त्यांनी बसवलेली दगडी चक्की अजून चालते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की याच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. पण पोटात दुखणाऱ्याचं म्हणणं खोटंच असतं असं थोडंच आहे?

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, घराघरातून भरताची वांगी भाजल्याचा वास येत होता त्या दिवसांत, आमच्या गल्लीत एक टेम्पो शिरला. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली घरघंटी होती. आता घरघंटी म्हणजे काय, तर कपाटाएवढी विजेची छोटी गिरणी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावते, दार उघडून दाणे टाकायचे, खालून पीठ घ्यायचं. महिलांसाठी सरकारची योजना होती. टेम्पो माझ्या गिरणीपुढून गेला आणि चार घरं सोडून थांबला, म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या दारात.

भाऊ एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको साक्रीकडची, अबोल. तिच्या लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, पण ती माझ्याशी एकदाही थेट बोललेली नव्हती. भांडण नव्हतं, आमच्याकडची रीतच तशी. मी तिचा जेठ. जेठापुढं डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगायचं, मी शेजारी बसलेलो असलो तरी. आताच्या पोरींनी हे सगळं कधीच सोडून दिलंय. हिनं सोडलं नव्हतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी घरघंटीला हळदकुंकू वाहिलं. तिच्या दारावर एका हसऱ्या साहेबांचा फोटो चिकटवलेला होता, त्या फोटोलाही चुकून कुंकू लागलं. योजनेची दोन माणसं आली होती, त्यांनी भावजयीला मशीनशेजारी उभं करून मोबाइलवर फोटो काढला. माझी बायको ओवाळणीचं ताट घेऊन गेली होती. मी गेलो नाही. मी गिरणीत बसून चक्कीच्या पट्ट्याला मेण लावत राहिलो, त्याला गरज नव्हती तरी.

महिन्याभरात माझी गिऱ्हाइकं फुटायला लागली. आधी शेजारच्या दोन बायका, मग अख्खी मागची गल्ली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. भावजय दळणाचे माझ्यापेक्षा कमी घ्यायची. तिला परवडत होतं. मशीन जवळजवळ फुकटात आलेलं, वीज घरच्या मीटरवर. माझा मीटर व्यापारी. माझं बिल आलं की मी ते दोन वेळा वाचतो, एकदा आकडा कळावा म्हणून आणि एकदा शिव्या द्यायला. वर महापालिकेचा कर, पाटीचा वेगळा, परवान्याचा वेगळा. दगड झिजले की नवे दगड माझ्या खिशातून. मी ग्रीसचा डबा घेतो त्यावरही सरकारला कर देतो. त्याच करातून सरकारनं भावजयीला गिरणी दिली आणि ती माझ्या गिरणीपुढं उभी केली. म्हणजे माझ्याच पैशानं मलाच शह. याला आमच्यात म्हणतात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. देणारा हसतोय फोटोत, घेणारी ओवाळतेय, आणि हलवाई बसलाय पट्ट्याला मेण लावत.

हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आमच्या भाऊबंदांत आता सगळ्यात वडील. एसटीतून निवृत्त झालेले. सकाळी पेपर घेऊन माझ्या गिरणीच्या बाकावर येऊन बसतात. नाना म्हणाले, गरिबाच्या घरात चार पैसे गेले तर तुझं काय जातं? मी म्हटलं, माझंच जातं, तेच तर सांगतोय. त्यावर ते माझ्या मागच्या पोत्यांकडं बोट दाखवून म्हणाले की त्यातले निम्मे गहू रेशनचे आहेत, सरकारनं लोकांना फुकट दिले म्हणून तुझी चक्की फिरतेय.

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी त्यांना सांगितलं, नाना, गहू फुकट झाल्यापासून बायांना दळणाचे पैसे जड झालेत. दाणा फुकट आला तर पीठ विकत का, असं तोंडावर विचारतात. विकतचा गहू दळायला आणणारी बाई गपचूप पैसे टाकायची. फुकटचा आणणारी घासाघीस करते. फुकट ते पौष्टिक. माणसाला एकदा फुकटाची चव लागली की त्याला प्रत्येक दुकानदार चोर वाटायला लागतो. नानांनी पेपर उलटला आणि दुसऱ्या पानावर गेले.

घरी वेगळीच तऱ्हा. माझ्या बायकोनंही त्याच योजनेचा अर्ज भरला होता. जावेनं भरला म्हणून हिनं भरला. तो नाकारला गेला, घरात आधीच गिरणी आहे म्हणून. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तुमच्या गिरणीपायी माझी गिरणी गेली, म्हणाली. मी तिला समजावायला गेलो की हे असं सरकारी वाटप म्हणजे मुळातच चूक, ज्याचा धंदा आहे त्याचा धंदा मारायचा आणि ज्याला धंदा माहीत नाही त्याच्या हातात मशीन द्यायचं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, मग अर्जाच्या कागदांची झेरॉक्स काढायला तुम्हीच का गेला होतात?

खरं सांगायचं तर गल्लीत कुणालाच मशीन मिळालं नसतं तर आम्हाला दोघांनाही शांत झोप लागली असती. फुकटाचं हेच वाईट. आपल्याकडं काय नाही यापेक्षा शेजाऱ्याला काय मिळालं याचंच दुखणं होऊन बसतं. तिला का आणि मला का नाही? हा प्रश्न मी दिवसभर दाण्याबरोबर दळत होतो.

तरी एक गोष्ट माझ्याकडं होती, आणि ती मला पुरेशी होती. कानबाईचा रोट.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून देवी मांडतात. त्या दिवशी भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात. प्रत्येक घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, सगळे एकत्र करायचे आणि एकाच ठिकाणी दळायचे. त्या पिठाचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे. आणि हे दळण ज्या गिरणीवर होतं ती गिरणी आधी धुवायची. आदल्या दिवशी चक्की बंद ठेवून, दगड उचलून, सगळं पाण्यानं धुऊन पुसून वाळवायचं, पूजा करायची, मगच त्या संध्याकाळी रोटाचं दळण. वडिलांपासून आमच्या कुळाचं दळण माझ्याच चक्कीवर. त्याचे पैसे वडिलांनी कधी घेतले नाहीत, मीही घेत नाही. वर्षातला तो एक दिवस असा, की सगळे भाऊबंद हातात गव्हाचं फडकं घेऊन माझ्या पायरीशी उभे असतात, अगदी कॉलनीत बंगला बांधलेलेसुद्धा. त्या दिवशी मी मोठा असतो.

श्रावण लागला आणि नानांनी बाकावर बसल्या बसल्या सांगितलं की औंदा रोट धाकट्या सुनेकडं दळू. का, तर घरात लक्ष्मी आली आहे, बाईच्या हातची गिरणी आहे, देवीचं काम बाईच्या हातून झालं तर चांगलंच. सगळ्यांना विचारलंय, म्हणाले, सगळे हो म्हणताहेत. मला शेवटी विचारलं जात होतं.

वडील असते तर नानांची हिंमत झाली असती का? सरकारनं माझी गिऱ्हाइकं नेली ते मी सोसलं. पण देवी? कुळाच्या देवीचं दळणही आता सरकारी मशीनवर, त्या हसऱ्या साहेबांच्या फोटोसमोर? त्या रात्री मी बायकोला म्हणालो की मी रोटाला येणार नाही. ती म्हणाली, याल. आणि वळून झोपली.

शनिवार आला. मी सवयीनं माझी चक्की धुतली. कुणी येणार नव्हतं, तरी धुतली. दगड उचलले, कुंच्यानं घासले, उन्हात टेकवून ठेवले. वडिलांनी शिकवलेलं काम हाताला न विचारताच होतं. मी परत दगड बसवत होतो तेव्हा चार घरांपलीकडून फाटकन आवाज आला आणि आमच्या ओळीतली वीज गेली.

काय झालं ते बायकोनं पळत येऊन सांगितलं. भावजयीनं घरघंटी धुतली होती. रोटाच्या आधी गिरणी धुवायची असते, मग तिनंही धुतली. बादली भरून पाणी, वर थोडं गोमूत्र. दार उघडून आत, खाली, मागं, सगळीकडं. लेकराला आंघोळ घालावी तशी. कोरड्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि बटण दाबलं. मोटर जळली. ते मशीन पाण्यानं धुवायचं नसतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? देणाऱ्यांना फोटो काढायचा होता, तो काढून झाला होता.

भावानं मशीनवरच्या नंबरावर फोन लावले. आधी वाजला, मग बंद लागला. नंतर सोमवारी कचेरीत जाऊन आला तर तिथं म्हणाले, त्या योजनेचं वर्ष संपलं, मशीन पुरवणाऱ्याला विचारा. मशीन पुरवणारा कोण, कुठला, कुणास ठाऊक. माझ्या दुकानात एखाद्या बाईचं पीठ जाडं निघालं तर ती संध्याकाळी येऊन माझं डोकं खाते, आणि मला ते परत दळून द्यावं लागतं, कारण पैसे तिनं दिलेले असतात. इथं पैसे देणारा एक, घेणारा दुसरा आणि वापरणारी तिसरीच. मग कोण कुणाचं डोकं खाणार? हे मी नानांना हिवाळ्यापासून सांगत होतो. जळालेल्या मोटरीनं ते एका फटक्यात सांगितलं.

त्या शनिवारी दिवेलागणीला वीज परत आली, आणि नाना स्वतः रोटाचे गहू घेऊन माझ्या पायरीशी आले. मागं सगळे भाऊबंद. मला आनंद झाला, इतका की मी तो लपवायला वळून दाणे टाकायच्या हॉपरमध्ये उगाच हात फिरवला. माझी चक्की धुतलेली, पुसलेली, तयार होती. नाना म्हणाले, तू धुऊन ठेवलीस? मी म्हटलं, देवीचं काम आहे, आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

भावजय सगळ्यांच्या मागं होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या घरच्या मुठी ती वेगळ्या फडक्यात बांधून घेऊन आली होती. माझ्या बायकोच्या हातात ते फडकं देऊन ती पायरीच्या कडेला बसली. आणि मी, सगळे समोर आहेत हे बघून, चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून बोललो. नानांकडं बघत बोललो, पण कुणाला बोलतोय ते सगळ्यांना कळत होतं. म्हटलं, फुकटाचं असंच जळतं. स्वतःच्या पैशानं आणली असती, दुकानाचा मीटर घेतला असता, माझ्यासारखा कर भरला असता, तर मी स्वतः जाऊन नारळ फोडला असता. खुशाल माझ्यासमोर दुकान टाका. पण माझ्या पैशानं माझ्याच उरावर नको.

पीठ पडत राहिलं. त्या वर्षीचे रोट मला फार गोड लागले.

गिऱ्हाइकं परत आली. मागची गल्ली आली, शेजारच्या दोघी आल्या. मी कुणाला टोमणा मारला नाही, नुसतं म्हणायचो, या, बऱ्याच दिवसांनी. घरघंटी भावाच्या ओट्यावर पडून राहिली, तिच्यावर कुणी गोधड्या वाळत टाकायचं. साहेबांचा फोटो उन्हानं पांढरा पडला. मला तिथून जाताना बरं वाटायचं. भावजय मात्र दिसायची ती कामातच. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्यांच्या ओळी, उडदाच्या पापडांच्या ओळी. ऑर्डरी घेते म्हणे, बायको म्हणाली. मी म्हटलं, बरं आहे, वेळ जातो.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या होत्या, लिंबाला झोके टांगले होते. मी गिरणी बंद करून कुलूप लावत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं. वळून पाहिलं तर भावजय. पदर होता, पण कपाळाच्या वर. शेजारी माझी बायको नव्हती, कुणीच नव्हतं. ती माझ्याशीच बोलत होती.

"दादा, धुयाथीन चक्की आणेल शे. दगडी शे. बठ्ठा मन्हा पैसा शे, सरकारना नही. तुम्हीनच सांगेल व्हतं... नारय फोडाले येशात ना?"

धुळ्याहून चक्की आणलीय, सगळा पैसा स्वतःचा, नारळ फोडायला याल ना, असं ती विचारत होती. इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोलली तो हा पहिला शब्द, आणि तो माझाच शब्द होता. येतो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन मी बायकोला खोदून खोदून विचारलं. कुठंतरी सरकार सापडेल अशी मला आशा होती. कर्जावर सूट? नाही. अनुदान? नाही. मग महिन्याला बायांच्या खात्यात जमा होतात ते पैसे? ते पोराच्या फीला जातात, म्हणाली. मग आले कुठून? घरघंटी चालली तेवढ्या दिवसांची कमाई तिनं मोडली नव्हती. वर पापड-बिबड्या. आणि उरलेल्यासाठी माहेरचे कानातले मोडले. धुळ्याला कुणाची तरी गिरणी बंद पडली होती, तिची चक्की तिनं स्वतः जाऊन बघून, भाव पाडून आणली. भावाच्या पुढच्या खोलीला शटर लागलं होतं, ते मी बघितलं होतं, पण मला वाटलं होतं स्कूटर ठेवायला. मीटर? मी शेवटचं विचारलं. व्यापारी, बायको म्हणाली, परवाच लागला. आणि मग, माझ्याकडं न बघता, म्हणाली की जाऊ शहाणी निघाली.

आता मला शिव्या द्यायला कुणी उरलं नाही. वर्षभर मी सरकारवर जळतोय असं मला वाटत होतं. सरकार बाजूला झालं, तरी जळणं होतं तिथंच होतं, उलट जास्तच. फुकटाच्या मशीनचा राग करता येतो. कानातले मोडून आणलेल्या चक्कीचा राग कसा करायचा?

दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. नाना होते, गल्लीतल्या बायका होत्या, त्यात माझी गिऱ्हाइकंही होती आणि ती माझी नजर चुकवत होती. भावजयीनं पहिलं दळण टाकलं. पीठ हातात घेतल्याबरोबर मला कळलं, जाडं निघत होतं, आणि गरम. दगडांच्या खाचा झिजून सपाट झाल्या होत्या. छिन्नीनं त्या परत पाडाव्या लागतात, त्याला आम्ही टाकी लावणं म्हणतो. तिलाही कळलं होतं. चिमटीत पीठ चोळून ती माझ्याकडं बघत होती.

मला एकदम बरं वाटलं. नाना ऐकतील अशा आवाजात मी म्हटलं, काळजी करू नको, उद्या येऊन टाकी लावून देतो, पैशाचं काही नाही, घरचंच काम आहे. हे बोलताना मी कानबाईच्या शनिवारी असतो तेवढा मोठा झालो होतो. फुकट देणाऱ्याला काय मिळतं ते मला त्या क्षणी नीट कळलं. तो फोटोतला साहेब उगाच हसत नव्हता.

"फुकट नको, दादा," ती म्हणाली. "भाव सांगा."

सगळे ऐकत होते. मी भाव सांगितला. चिडून सांगितला, म्हणून जरा चढाच सांगितला. ती म्हणाली, धुळ्याचा कारागीर येण्या-जाण्यासकट याच्यापेक्षा कमीत येतो. आणि परत पीठ चिमटीत चोळायला लागली. नाना पेपर नसताना पेपर वाचल्यासारखे खाली बघत होते. मी उतरलो. अजून थोडा उतरलो. ठरलं.

सकाळी माझी गिरणी उघडायच्या आधी मी छिन्नी-हातोडा घेऊन तिच्या दुकानात बसलो. दगड पालथा घालून, मांडीशी धरून, एकेक खाच पाडत गेलो. याच दगडावर उद्या माझी मागची गल्ली दळणार, श्रावणात कदाचित रोटही. हाताशी छिन्नी होती. एक खाच तिरकी गेली असती तर कुणाला कळलं नसतं, पंधरा दिवस तरी. पण पैसे ठरले होते. पीठ जाडं निघायला लागलं असतं त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली असती, सगळ्यांदेखत, आणि आता तर ती बोलायलाही लागली होती. पोटात आग पडली होती, आणि मी टाकी सरळ लावत होतो.